पडून राहिलेल्या पैशाची राखण

यवत,
रविवार

प्रिय दाजींना हौसरावचा नमस्कार,

इकडे सगळे ठीक. अक्काचा गुडघा आणि तुमची शुगर ताब्यात असेल असे धरून चालतो. लिहायचे कारण, तुमचा मेहुणा परवा पुण्याच्या मोठ्या हॉटेलात मालकांच्या सभेत बोलला! (मालक म्हणजे मीच. त्या कंपनीचे शंभर शेअर आहेत.) आमच्या सत्यजीतच्या लग्नात तुम्ही चारचौघांत म्हणाला होता की हौसरावांना शेअरमधलं काय कळतंय, ते मला फार लागले होते, म्हणून सविस्तर लिहितो.

ही कंपनी लोकांचा पैसा गोळा करून शेअर बाजारात न आलेल्या छोट्या कारखान्यांत गुंतवते. मी आणि आपले गॅरेजवाले अयुबभाई तासभर आधी जाऊन पुढच्या रांगेत बसलो, साखर कारखान्याच्या सभेची सवय. सभासदांच्या साखरेसाठी पिशवीही नेली होती. (साखर नव्हती. उलट दारावर पिशवीच जमा करून घेतली.) अध्यक्षांनी अहवाल मंजूर का विचारताच मी सवयीने "नामंजूर!" म्हणून ओरडलो. अध्यक्षांनी का म्हणून विचारले, तेव्हा कारण सांगणे भागच पडले.

म्हणालो, "सायेब, मॅनेजमेंट फी दर साली दोन टक्के, ती बी सगळ्या पैशावर. निम्मा पैसा तर अजून बँकेतच पडून हाय. आमच्याकडं मुकादम तोडलेल्या उसावर कमिशन घेतो, उभ्या उसावर न्हाई!" वर नफा झाला तर त्यात यांचा वाटा, आणि तोटा झाला तर तो एकट्या शेअरहोल्डरचा. फी अशी खात राहते म्हणूनच कंपनीच्या हिशेबाने शंभराचा शेअर बाजारात सत्तरला मिळतो, हेही ऐकवले. अध्यक्ष इंग्रजीत बरेच बोलले, सार इतकेच की फी तीच राहील. पण मागून टाळ्या पडल्या, दाजी! अयुबभाई म्हणाले, "हौसराव, बसा आता, च्या गार व्हतोय," तरी मी उभाच. एका रिटायर साहेबांनी तर माझा नंबर घेतला. मला फार अभिमान वाटला, खोटे कशाला सांगू.

अक्काला हे मोठ्याने वाचून दाखवावे.

आपला,
हौसराव

ता.क. पाटसचा तुमचा दोन एकरांचा तुकडा मी सांभाळतो, तो यंदाही पडीकच ठेवला आहे. देखरेखीचे पैसे नेहमीप्रमाणे पाठवावेत.

ता.क. दुसरे : हायवेमुळे तिथला जमिनीचा भाव दीडपट झाला, म्हणून देखरेखीची रक्कमही दीडपट धरली आहे. रान रिकामे असले तरी लक्ष ठेवावेच लागते.