शून्य स्पर्धेचा कीवर्ड

१ एप्रिल २०२४, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. उद्योग मोठा झाला की लोक सुरुवात कशी झाली ते विचारतात. तेव्हा तारखा हाताशी असाव्यात.

वाळूजच्या कारखान्यात स्टोअर्समध्ये सव्वीस वर्षं घालवून डिसेंबरात व्हीआरएस घेतली. जानेवारीत जमिनीखालचं पाणी शोधायचं यंत्र घेतलं. तेव्हापासून गिऱ्हाईक शून्य. कारण लोक मूर्ख आहेत.

सोसायटीचा बोर आटलाय. चेअरमन नानासाहेब काल म्हणाले, श्रीनिवासराव, तुमच्या यंत्रानं कुठं एका ठिकाणी तरी पाणी लागल्याचं दाखवा, आपल्या नव्या बोरचा पॉइंट तुम्हीच काढा. मुदत १५ मे. नाहीतर खुलताबादकडचा कडुबा पाणाड्या येणार. हा माणूस तळहातावर आडवा नारळ घेऊन फिरतो आणि नारळ उभा राहिला की खाली पाणी. चोपन्न फ्लॅट आहेत आमच्याकडं, दोन इंजिनिअर राहतात, आणि निर्णय नारळ घेणार.

नारळाकडून हरलो तर जिन्यात तोंड दाखवायची सोय नाही. एक गिऱ्हाईक पाहिजे. फक्त एक. सर्च जाहिरातीतून आणणार.

२ एप्रिल
पार्किंगमध्ये यंत्राचा सराव. माझ्या स्कूटरपाशी लई वाजलं. स्कूटरचं लोखंड असणार. दुर्लक्ष केलं.

४ एप्रिल, गुरुवार
लोक सर्चमध्ये काय टाइप करतात ते सांगणारी टूल्स असतात. दोन तपासली. एक पेड, एक फुकट. माझा कीवर्ड: 'भूभौतिकीय जलस्रोत सर्वेक्षण'. भारदस्त. पेड टूल म्हणतं, महिन्याला शून्य लोक हे शोधतात. फुकटवालं म्हणतं, शून्य ते दहा. फुकटवालं निवडलं. त्याला दृष्टी आहे.

शिवाय दोन्हीकडं 'स्पर्धा: अत्यल्प'. म्हणजे अख्ख्या मराठवाड्यात मी एकटा. मैदान मोकळं.

९ एप्रिल, पाडवा. ९.०५
मुहूर्तावर जाहिरात सुरू. बायकोचा, उमाचा नंबर दिलाय. माझा फोन मोठ्या ऑर्डरींसाठी मोकळा ठेवला पाहिजे. उमाला सांगितलं, कॉल आला की आधी 'नमस्कार, जलवेध सर्व्हिसेस' म्हणायचं. ती पुरणपोळी लाटत होती. बरं म्हणाली.

१२ एप्रिल
जाहिरात तीन वेळा दिसली. तिन्ही वेळा विश्वजितनं टेस्ट केली होती. विश्वजित म्हणजे माझा पुतण्या, क्रांती चौकात त्याचं जाहिरातींचं ऑफिस आहे. तो म्हणाला, काका, तुम्हाला काय आवडतं ते नको, लोक काय लिहितात ते टाका. 'बोरचा पॉइंट', 'पाणाड्या' असलं. मी हसलो. पाणाड्याच्या नावावर मी धंदा करू? पोरगं हुशार आहे, पण संस्कार कमी पडले.

तरी त्याच्या म्हणण्यातलं घेण्यासारखं तेवढं घेतलं. टूलमधली यादी आकड्यांप्रमाणं लावली आणि सगळ्यात वरचा शब्द उचलला. 'पाणी'. एकच शब्द. सोपं असतं सगळं.

१४ एप्रिल, रविवार
आंबेडकर जयंती. सगळं शहर क्रांती चौकात. कॉल नाही. उद्यापासून बघा.

१६ एप्रिल, मंगळवार. रात्री ८.००
एक्केचाळीस कॉल. एका दिवसात. डोळे भरून आले.

८.२० उमानं खुलासा केला. एक्केचाळीसही जणांनी एकच विचारलं, आमच्याकडं नळाला पाणी कधी येणार. आठ-आठ दिवसांनी नळ येतो, तोही सांगून येत नाही, मग माणूस काय करील, असं तिचं म्हणणं. एका बाईला तिनं व्हॉल्व्हमन कचरूभाऊंना विचारून दिवस आणि वेळ सांगितली म्हणे. कशाला? आपण सर्वेक्षण करतो. चौकशी खिडकी नाही.

तरी वहीत 'लीड्स (होऊ शकणारी गिऱ्हाईकं): ४१' लिहिलं. पाण्याची गरज आहे, हे सिद्ध झालं. आता गरज फक्त खोलवर न्यायची.

१८ एप्रिल
विश्वजितनं निगेटिव्ह कीवर्ड शिकवले. ज्या शब्दांवर आपली जाहिरात दिसू नये, त्यांची यादी. 'नळ', 'टँकर', 'कधी येणार' टाका म्हणाला. मी विचार केला. हे टाकले तर कॉल चाळीसवरून दोनवर येतील. आकडे घसरवायला मी काय खुळा आहे?

मात्र कल्पना उत्तम. यादी केली: नारळ, पाणाड्या, पायाळू, कडुबा. अंधश्रद्धाळू गिऱ्हाईक दारात नको. विश्वजितनं लॅपटॉप मिटला. पटलं असावं.

२२ एप्रिल
जाहिरात कुठवर दिसावी त्या टार्गेटिंगमध्ये शहराभोवती तीस किलोमीटरचं वर्तुळ टाकलं. वेरूळहून कॉल. उड्या मारत घेतला. पर्यटक निघाला. आमच्या लॉजमध्ये गरम पाणी आहे का म्हणाला. लेणी बघायला आलेली माणसं, पण चौकशी अंघोळीची.

२७ एप्रिल
उमा आता वही घेऊन बसते. कुठल्या कॉलनीला कुठल्या दिवशी, किती वाजता, प्रेशर कसं. कचरूभाऊ तिला रोज सकाळी फोन करतात, कारण त्यांच्या डोक्याला ताप देणारे फोन आता हिच्याकडं वळलेत. कॉल करणारे तिला पाणीवाल्या ताई म्हणतात. 'जलवेध सर्व्हिसेस' ती म्हणत नाही. मी आठवण करून दिली तर म्हणाली, तेवढ्यात लोकांची बादली भरते.

३ मे, शुक्रवार
एकूण कॉल ६१२. सर्वेक्षण: शून्य. बारा दिवस उरले. घाबरलो वगैरे नाही. रात्री झोप लागत नाही ती उन्हाळ्यामुळं.

संकल्प: १. रोज दोन तास डेटा. २. यंत्राला नवी बॅटरी. ३. उमाचं फाजील समाजकार्य बंद.

४ मे
संकल्प ३ रद्द. आज आमच्या नळाला कधी येणार ते तिलाच माहीत होतं.

११ मे
पेड टूलचा रिपोर्ट पाहिला. त्याची फुकट वापरायची मुदत संपत आली होती म्हणून. बोर घेणारे लोक सर्चमध्ये काय लिहितात? पहिल्या नंबरावर 'पाणाड्या'. दुसऱ्यावर 'पाणाड्याचा नंबर'. तिसऱ्यावर स्पेलिंग चुकवून परत तेच. हे टूल पहिल्यापासून मला पसंत नव्हतं.

१५ मे, बुधवार
मुदत संपली. नानासाहेबांकडं आठ दिवस वाढवून मागितले. ते म्हणाले, अहो, मी तुमच्यासाठी शेवटपर्यंत थांबलो, काल मोबाइलवर शोधलंसुद्धा, म्हटलं श्रीनिवासरावांचं नाव दिसलं तर कमिटीला दाखवता येईल. पण तुमचं नाव आलंच नाही.

काय शोधलंत, विचारलं. 'पाणाड्या', म्हणाले.

घरी येऊन पंखा लावून पडलो. उमानं न मागता सरबत आणून दिलं. तेच जास्त लागलं.

१८ मे, शनिवार
कडुबा आला. साधा माणूस, पांढरा सदरा. आधी तासभर शेजारच्या बिल्डिंगींत जाऊन तुमचा बोर किती फुटांवर, किती वर्षं चालला, हेच विचारत फिरला. मग आमच्या आवारातली झाडं बघितली. शेवटी नारळ काढला, तेव्हा सगळे गॅलरीत आले.

त्याला बाजूला घेऊन झापलं. म्हटलं, खरी चौकशी करता येते तर हे नारळाचं सोंग कशाला? तो म्हणाला, साहेब, पानी म्या शेजाऱ्याच्या बोरात बघतो. नारळ मला नाय लागत, लोकायला लागतो. लोक नारळवाल्याला हुडकत येत्यात, मंग हातात नारळ नको व्हय?

धंद्याचं शिक्षण नाही, काय बोलणार.

नारळ माझ्या स्कूटरपाशी उभा राहिला. मला स्कूटर हलवायला लावली.

२० मे, सोमवार
दोनशे चाळीस फुटांवर पाणी. बोर मारणाऱ्या गाडीवाल्यांच्या अंगावर कारंजं. २ एप्रिलची नोंद नानासाहेबांना दाखवली. माझं यंत्र तिथंच वाजलं होतं, लेखी आहे. त्यांनी चष्मा लावून पुढचं वाक्यही वाचलं. 'दुर्लक्ष केलं.' रोजनिशी कुणाला दाखवू नये.

उमानं चोपन्न फ्लॅटांत पेढे वाटले. तिच्याशी बोलणं बंद.

२४ मे, शुक्रवार. दुपारी १.३०
बोरचं पाणी जड आहे. आंघोळीला चालतं, पिण्याला नाही. हे मी आधीच सांगितलं असतं, कुणी विचारलं असतं तर. माठ रिकामा. नळ कधी येणार ते उमाला विचारणं शक्य नाही, चार दिवसांचा अबोला आहे आणि मी मोडणार नाही.

गॅलरीत जाऊन मोबाइलवर लिहिलं, 'पाणी कधी येणार'. सगळ्यात वर एक जाहिरात आली. न वाचता दाबली, कॉल लावला.

स्वयंपाकघरात फोन वाजला.

उमा म्हणाली, बोला, कुठली कॉलनी? मी गप्प. तिनं दारातून गॅलरीकडं बघितलं. मग म्हणाली, तुमच्याकडं उद्या पहाटे साडेचारला येईल, पाऊण तास, प्रेशर कमी आहे, माठ आत्ताच धुऊन ठेवा.

थँक यू म्हणालो. दीड महिन्यात माझ्या जाहिरातीनं समाधान झालेला हा तेराशेवा वगैरे माणूस असेल. क्लिकचे पैसे माझ्याच खात्यातून गेले.

माठ धुतला.