काळजात झोपलेले

१२ एप्रिल, बारामती
लॅबमध्ये दुपारी काचपट्टीवर पुन्हा तेच. फुगलेल्या तांबड्या पेशी, त्यात जांभळट कडी. व्हायवॅक्स मलेरियाचे जंतू. पट्टीवर नाव आईचं. फेब्रुवारीत तिचा ताप गोळ्यांनी पार गेला होता की. सुंदर दिसतात मेले, नजर हटेना. तिचं रक्त आधीच कमी झालंय. हे आता औषधाला दादच देत नसतील तर...

१३ एप्रिल, पळसदेव
आईच्या बोटातला थेंब कागदावर वाळवला. पुण्याला मैत्रिणीकडे, स्मिताकडे पाठवायचा. ती या जंतूंच्या जनुकांवर काम करते. फेब्रुवारीतला थेंब तिच्याकडे आहेच. ताडून बघेल: जुनेच जागे झाले, नवे आले, की औषध हरलं.
आईला म्हटलं, यातले काही यकृतात झोपून राहतात. यकृत म्हंजी? बोकडाचं काळीज असतं ना, तेच. तिने छातीवर हात ठेवला.
"काळजात झोपल्यात? मंग सपान बी बघत असत्याल."
हसले. मग हसू गेलं.
उजनी धरणाचं पाणी उतरलंय. त्यात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर वर आलंय.

२० एप्रिल
स्मिताचा फोन. औषधाला न जुमानण्याची ओळखीची खूण दिसली नाही, पण व्हायवॅक्सबाबत एवढ्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. एकाच थेंबात जंतूंची दोन कुळं निघाली, एक फेब्रुवारीतलंच, म्हणजे जुनेच जागे झाले असावेत. झोपलेल्यांवरच्या पंधरवडाभराच्या गोळ्या पूर्ण झाल्या होत्या का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, अर्थात. फोन ठेवल्यापासून तो 'अर्थात' टोचतोय.

२२ एप्रिल, पळसदेव
विचारलंच. आई भाकरी थापत होती, आबा दारात जाळं सांधत होते.
"निम्म्या खाल्ल्या की. निम्म्या ह्यांना दिल्या. ह्यांनाबी थंडी वाजत हुती."
तिचा ताप गेला होता, मग उरलेल्या वाया कशाला घालवायच्या! या बाईने घरात कधी लाडू एकटीने खाल्ला नाही, गोळ्या तरी कशा खाईल. राग आला, भयंकर. दोघांचंही औषध अर्धवट. आबा तर न तपासता रोज होडीवर. "मला काय धाड भरलीया" म्हणत शेवटी बोट पुढे केलं.

२३ एप्रिल
आबांच्या पट्टीवरही तीच कडी. डॉक्टरांनी दोघांच्या तपासण्या करून वेगवेगळी पाकिटं दिली.

१० मे
दोघांच्या गोळ्या संपल्या. आईने स्वतःचं पाकीट लाल फडक्यात बांधलं होतं, आबांचं निळ्या. वाटणीची सवय आडवी येऊ नये म्हणून.
पहाटे स्वप्न. पाण्याखालचं देऊळ, पायऱ्यांवर ते जांभळे, ओळीने झोपलेले. आई त्यांच्या अंगावर गोधडी घालतेय. मी ओरडतेय, पण आवाज पाण्यातच...

२ जून, पळसदेव
ताप नाही दोघांनाही. संध्याकाळी आईबरोबर पाण्याकाठी बसले. देवळाच्या पायऱ्यांपर्यंत चालत जाता येईल इतकं पाणी मागे गेलंय.
"आता न्हाईत ना उठायचे?"
स्मिता म्हणते, कित्येक महिने वाट बघावी लागेल. बहुतेक नाही, म्हटलं.
"उठलंच तर या बारीला माझ्या गोळ्या मीच खाईन. कुनाला न्हाय द्यायच्या."
वारा सुटला. तिच्या हातावर काटा आला. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. गार होतं. तरी हात काढवला नाही.