ठणठणीत पिल्लांचा वैताग

१ डिसेंबर

पिल्लं आली! खोकीच्या खोकी, पिवळीधम्मक, आणि प्रत्येकाचं काहीतरी गाऱ्हाणं. दादा म्हणाला, "आजपासून तू यांची आई." वा! कॉलेजात सर "बाहेर हो" म्हणाले म्हणून तावातावाने बाहेर पडलो, तो थेट मातृत्वावर येऊन आदळलो. इतकी झटपट बढती कुणाची होते?

कामं अशी – उबेचे दिवे लावणे, खाली अंथरलेलं भाताचं तूस हलवणे, पाणी बदलणे. मग पुन्हा पाणी बदलणे, कारण ती त्यातच हगतात.

३ डिसेंबर

कंपनीची देखरेखवाली आली. पिल्लं कंपनीची, शेड आमची. मोठी झाली की कंपनी घेऊन जाते. फार मेली तर पुढच्या खेपेला पिल्लं नाहीत. दादाचं दुसरं काम कधीच सुटलंय, त्यामुळे रिकामी शेड म्हणजे काय हे वहिनीच्या चेहऱ्यावरच वाचावं.

मला वाटलं, कोणी टकलू काका येणार. आली ती स्कूटरवरून. हेल्मेट काढलं आणि – असो.

तापमान बघायचं यंत्र तिने पाहिलंसुद्धा नाही. "पिल्लंच सांगतात," म्हणाली. दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय. चोच वासून कडेला पळाली तर उकडतंय. सगळीकडे पसरून खातायत-पितायत तर मजेत आहेत. मग एक पिल्लू उचललं आणि त्याचे पाय सरळ माझ्या गालाला लावले! "गार लागतायत?"

मला काय कळणार? माझाच गाल तव्यासारखा. "बर्फ!" म्हटलं.

तिने स्वतःच्या गालाला लावून पाहिले. "चांगले कोमट आहेत की हो. तुम्हाला ताप आहे का?"

हो. आजपासून.

८ डिसेंबर

आली नाही. फोन केला. "अहो, तुमची पिल्लं छान आहेत. जिथे मरतायत तिथे जायला नको?"

घ्या! निष्काळजी लोकांच्या दारात रोज स्कूटर, आणि इथे मी जीव टाकतोय तर कुणी फिरकत नाही. ठणठणीत पिल्लं हीच माझ्या आयुष्यातली अडचण आहे.

९ डिसेंबर

"एक पिल्लू शिंकतंय," असं कळवलं. लगेच आली. तिच्यासमोर ते शिंकलं नाही, हरामखोर!

पण तिनेच नाक मुरडलं. "या उग्र वासाने तुमचे डोळे नाही चुरचुरत? शेडचे पडदे किती गच्च बांधलेत! वरून थोडे उघडा. ऊब द्यायची म्हणून कोंडून मारू नका." पडदे मीच बांधले होते, मोठ्या प्रेमाने. माझ्या प्रेमाचं नेहमी असंच होतं.

१२ डिसेंबर

आता शिंकेवर येत नाही. लंगडण्यावरही नाही. "एक पिल्लू मान वाकडी करून बघतंय" म्हटल्यावर हसली आणि फोन ठेवला. हसली!! दिवसभर शीळ घालत हिंडलो. वहिनी म्हणाली, "भावजी, पिल्लांना शीळ पुरे झाली, आता पाणी द्या."

१४ डिसेंबर, दुपार

दोन दिवे बंद केलेत. थोडा वेळच. पिल्लं जरा गोळा होतील, फोटो काढायचा, तिला पाठवायचा, दिवे पुन्हा लावायचे. काय डोकं आहे माझं!

१४ डिसेंबर, संध्याकाळ

मोबाइल आणायला घरात गेलो, तर दादाने खाद्याची पोती उतरवायला लावली. नाही कसं म्हणणार?

परत आलो तर कोपऱ्यात ढीग. एकावर एक. ऊब शोधत सगळ्यांत आत घुसलेली तळाशी गुदमरली. दोन्ही हातांनी उपसली. वरची किंचाळत होती. खालची नाही.

वहिनी एकेक उचलून फडक्यावर ठेवत होती. दादा म्हणाला, "दिवे गेले असतील. तू तरी काय करणार?"

मी "हो" म्हटलं.

१५ डिसेंबर

ती आली. दादाने बोलावलं होतं. बटणांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दिवे तू बंद केलेस?"

अहोचं अरे झालं. किती वाट पाहिली होती याची!

"हो."

"कशाला?"

सांगितलं. सगळं, दादा-वहिनींसमोर. दादाने हात उगारला, वहिनीने तो धरला. ती मात्र शांतच. "वेड्या, चहाला बोलवायचं होतंस. त्यासाठी पिल्लं मारायची?" मग दादाला म्हणाली, "आणखी गेली तर पुढची खेप मला देता येणार नाही." आणि गेली.

चहा! हे मला सुचलंच नव्हतं. करताही येत नाही.

१६ डिसेंबर

पुठ्ठे लावून सगळे कोपरे गोल केले. आता ढीग करायला कोपराच नाही. दादा बोलत नाही. पिल्लं मला बघून पळतात. शहाणी आहेत.

२१ डिसेंबर

थंडी वाढलीय. पिल्लांना पिसं फुटतायत – अर्धी पिवळी, अर्धी पांढरी, धड ना इकडची ना तिकडची. अगदी माझ्यावर गेलीत. त्या दिवसानंतर एकही मेलं नाही. पायांचा गारवा आता गालाला कळतो.

फोन केलेला नाही. कुठल्या तोंडाने करू? आजारी कोणी नाही, आणि खोट्या शिंकांचं दुकान बंद केलंय.

२४ डिसेंबर

पिसं आली, आता ऊब कमी लागते, म्हणून दिवे आणखी वर टांगले. दादा बोलला! "शिडी नीट धर, गाढवा." कानाला इतकं गोड वाटलं!

२७ डिसेंबर

वहिनी म्हणते, ती येऊन गेली. पुढची खेप नक्की, असं सांगून गेली. दारात बराच वेळ उभी होती म्हणे. मी आत, पाठमोरा, पिल्लांत. वहिनी हाक मारणार होती, तर म्हणाली, "नको. काम करतोय तो, करू दे."

स्कूटर दाराशी आली, थांबली, गेली – आणि मला पत्तासुद्धा नाही!