दर पाचवं घर

७ नोव्हेंबर १९८३
सुनी माझी नात. नाशिकला कॉलेजात भूगोल शिकते. दिवाळीच्या सुट्टीत गावाची पाहणी करायला सरांनी सांगितलं, तर आमचंच गाव निवडलं तिनं. रोजच्या रोज लिहून काढायचं म्हणे. काय पाहिलं ते एका बाजूला, काय वाटलं ते दुसऱ्या. मी म्हटलं, तुझं झालं की माझंही लिही. मला अक्षर येत नाही, पण वाटतं पुष्कळ. पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं काढत बसू नको, एकाच डब्यात भर.
प्रश्नांचा फॉर्म आधी माझ्यावर चालवून पाहिला. शेती किती, पाणी कुठलं, घरातलं कोण बाहेरगावी गेलं. शेवटी, अडीनडीला कोणाकडे जाता?
म्हटलं, मारुतीकडे. तोही कधी उठून दार उघडत नाही.
"आजी, नीट सांग ना."
नीटच सांगितलं.

८ नोव्हें.
सगळ्या घरांना विचारायचं नाही. दर पाचवं घर. सुरुवात कुठून, त्याची चिठ्ठी. चिठ्ठी मी उचलली, हौसेनं. मग सुनी देवळापासून मोजत मोजत आली आणि तिचं बोट आमच्या पलीकडच्या घरावर थांबलं.
पलीकडे माझी जाऊ राहते, यमुनाबाई. थोरली. माहेर नामपूरचं, बोली अजून तिकडचीच. मधे एक भिंत आणि पंचवीसेक वर्षांचा अबोला.
"पुढचं घर घे. त्यांनाही तोंड आहे."
"घर बदलायचं नसतं, आजी. बदललं की आपण आपल्याला आवडणारी माणसं निवडत जातो."
"मग बिघडलं काय? मी जन्मभर तेच केलं."
हसली नाही पोरगी.

१० नोव्हें.
सुनी पलीकडे जाऊन आली. शेती सांगितली, विहीर सांगितली, लेक कळवणला दिलीय हेही. अडीनडीचा प्रश्न आला आणि म्हातारीनं फॉर्मवर हात ठेवला. मग म्हणाली, "तुनी आजीले धाड. मंग सांगसू."
मी विचारलं, दिसते कशी?
"भिंतीपलीकडेच तर राहते. तू बघत नाहीस?"
बघते गं. पण तसं नाही...
सुनी सांगते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. साखरेचा डबा हातानं चाचपत होती. मला ठाऊक नव्हतं.
"चल ना आजी."
"तूच म्हणालीस ना, विचारताना तिसरं माणूस जवळ नको, उत्तर वाकडं होतं म्हणून?"
"हो, पण..."
"पण नाही. सरांचा शब्द मोडू नये."
आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या मास्तराचा शब्द पाळला. सोयीचा होता.

११ नोव्हें.
सुनीनं विचारलं, भांडण कशावरून. बांधावरून. बांध हातभर अलीकडे का पलीकडे, यावरून दोघा भावांनी बोलणं टाकलं. दोघंही गेले. बांध आहे तिथेच आहे. अबोला तेवढा आम्हा दोघींकडे ठेवायला दिला, तो आम्ही दागिन्यासारखा जपला.
अगदीच बोलणं नव्हतं असं नाही. तिनं तिच्या बकरीला सांगायचं, मी माझ्या म्हशीला. "म्हशी, आज नळाला पाणी लवकर जाणार आहे गं." पलीकडे हंडा उचलल्याचा आवाज. एवढं होतं.
हे गेले तेव्हा ती आली होती. माझ्या पायाशी बसली, दिवस मावळेपर्यंत. मला वाटलं आता म्हणावं, यमुनाबाई, ...
राहू दे. पुढचं लिहू नको.

१२ नोव्हें.
सुनी दुसऱ्यांदा गेली. त्या प्रश्नाला म्हातारी आजही नाहीच म्हणाली. आणि सुनी दारात असतानाच बकरीला मोठ्यानं, "बकरी, कोणले येनं व्हई त्यानी आज येवो. सकाय मी पोरकडे जासू."
म्हणजे यायचं त्यानं आजच यावं, उद्या ती लेकीकडे निघणार. मी अलीकडे ओट्यावर. कांद्याच्या रोपाचे शेंडे छाटत होते. सगळं ऐकलं.
म्हशीला म्हटलं, "म्हशी, आज फार काम आहे गं."
काम कसलं! छाटलेलीच रोपं परत छाटली. सूनबाई ओरडली, "आत्याबाई, आता मुळं तेवढी राहिली!"

१३ नोव्हें.
तिसऱ्यांदा गेली तर कुलूप. सकाळी जावई येऊन घेऊन गेला. शेजारीण सांगत होती, आता तिकडेच ठेवणार. बकरीही त्या शेजारणीलाच देऊन टाकली.
तीनदा जाऊन नाही जमलं तर तसं लिहून ती जागा रिकामी सोडायची, असा सुनीचा नियम. तिनं पेन उघडलं, परत मिटलं.
"आजी, तिनं काय सांगितलं असतं गं?"
"मी सांगितलेलं चालेल तुझ्या सरांना?"
"नाही."
"मग कशाला विचारतेस."
खरं म्हणजे मला सांगताच आलं नसतं. पंचवीस वर्षं भिंतीला कान लावला आणि एवढं माहीत नाही.

१५ नोव्हें.
पलीकडे खोकला नाही. भांडं पडत नाही. सकाळी म्हशीला म्हटलं, थंडी वाढली गं. म्हशीनं शेपटी हलवली. अबोला धरायलाही समोर माणूस लागतं.
जेवले नाही फारसं. सुनेला सांगितलं, वांगं तिखट झालं. चांगलं झालं होतं.

१७ नोव्हें.
उद्या सुनी नाशिकला परत. म्हणजे माझं लिहिणंही बंद. तिला पोचवायला देवळा गावच्या स्टँडपर्यंत मीही जाते, असं घरात सांगितलं. कळवणची गाडीही तिथूनच सुटते. मुलाला ते ठाऊक आहे. वर बघून म्हणाला, "आई, शाल घे बरोबर."
तिच्या लेकीचं सासर. तिथे मी कोण म्हणून जाऊ? आणि ती मला बघूनही आत निघून गेली तर? जाईलच. मी गेले असते. दारात उभं राहून पहिलं काय बोलायचं, तेच सुचत नाही. बोलायला म्हैसही नाही तिथं.
पिशवी भरून ठेवली. सुनी विचारते, "मला पोचवायला दोन लुगडी कशाला गं?"
म्हटलं, तुझं विचारायचं काम संपलं. तू लिही.