एका नावाचे चौघे

बोरगाव (मेघे), वर्धा
बुधवार

प्रिय धाकट्या,

हे पत्र तुझ्या हैदराबादच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय. तो पत्ता तुझ्याच एका शोधनिबंधाखाली छापलेला होता म्हणून सापडला. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर माझे निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा तेवढ्या उमटतात. घरी पाठवलं असतं तर भलत्याच कोणी उघडलं असतं, म्हणून ते टाळलं. बघ, तुझी काळजी करायची सवय काही जात नाही. नाचणगावच्या शाळेत एका वर्गात दोन अश्वजित झाले तेव्हा बाईंनी मला थोरला केलं आणि तुला धाकटा. वयात जेमतेम एका पावसाळ्याचं अंतर, पण ते थोरलेपण मला जे चिकटलं ते चिकटलंच.

तर थोरल्याची नोकरी जायची वेळ आली आहे. सोमवारी चौकशी समितीसमोर शेवटची सुनावणी आहे आणि माझ्यावर आरोप आहे चोरीचा. दुसऱ्यांचं संशोधन स्वतःच्या नावावर खपवल्याचा.

घडलं ते इतकं फालतू आहे की सांगताना हसू येतं. माझ्या बढतीची माहिती आमच्या कॉलेजातले बंडूजी संगणकावर भरत होते. ते बाबू चांगले आहेत, फक्त उत्साही आहेत. त्यांनी माझं नाव टाकलं. ज्या ज्या निबंधावर लेखक म्हणून नुसतं ‘अश्वजित’ छापलंय, ते सगळे त्या यंत्राने एकाच माणसाच्या खात्यात जमा करून ठेवले होते. कपाशीवरच्या बोंडअळीचे माझे होतेच. शिवाय पाली गाथांतल्या क्रियापदांवरचे, शाळकरी मुलींच्या रक्तक्षयावरचे, आणि वीजकेंद्राच्या राखेपासून काँक्रीट कसं करावं यावरचे. बंडूजींनी आनंदाने सगळ्यांवर खूण केली. मी तेव्हा देवळीकडच्या शेतांतून अळ्या गोळा करत हिंडत होतो. परत आलो तर कॉलेजच्या फाटकावर माझ्या फोटोचा फ्लेक्स, खाली ‘बहुआयामी संशोधक’. सरिता पुढचे कितीतरी दिवस मला ‘अहो बहुआयामी, कोथिंबीर संपली’ म्हणत होती.

मी दुसऱ्याच दिवशी अर्ज देऊन दुरुस्ती मागितली. बंडूजी म्हणाले, ‘सर, कम्प्युटरनं जोडलं, मी कुठं जोडून राह्यलो?’ फ्लेक्स उतरेपर्यंत निनावी तक्रार वरपर्यंत पोचली होती. अळ्यांचा मास्तर काँक्रीटवर लिहितो, पालीवर लिहितो, आणि मुलींच्या रक्ताबद्दलही लिहितो. वाचायला मजेशीरच वाटत असणार. आता मी वर्गात शिरलो की मागच्या बाकांवरची कुजबुज थांबते. ती चालू राहिली असती तर बरं झालं असतं.

समितीला हे कसं समजावू, की आम्ही चौघे वेगळे आहोत आणि चौघांच्या नावामागे एकच माणूस आहे? तुला प्रेमदास गुरुजी आठवतातच. बुद्धविहारात कोणाचंही बाळ नाव ठेवायला आणलं की गुरुजी आधी बुद्धाच्या पहिल्या पाच भिक्खूंची गोष्ट सांगत आणि हमखास पाचव्यावर येऊन थांबत. ज्याची नुसती शांत चाल बघून सारिपुत्त मागे मागे गेला, तो अश्वजित. पुलगाव-नाचणगावात एका पिढीत किती अश्वजित झाले याचा हिशोब कोणी ठेवला नसेल. दहावी पास झालेल्यांना ते आषाढ पौर्णिमेला सगळ्यांसमोर उभं करत आणि बोलायला लावत: माझं नाव अमुक, मी तमुक शिकणार. फक्त नाव. आडनाव ऐकलं की समोरचा पुढचं ऐकायचं थांबतो, तेव्हा आधी काम ऐकवा, असं त्यांचं म्हणणं. ज्याचं काम छापून येईल त्यानं त्याखाली नुसतं नाव घालायचं, हा शब्द त्यांनी आपल्याकडून घेतला होता. आपण चौघांनी तो पाळला. गुरुजी असते तर या घोळावर खदखदून हसले असते, आणि मग रडले असते.

अमरावतीचा डॉक्टर अश्वजित दवाखाना बंद ठेवून आला, समितीसमोर बसला, शाळेचा दाखला टेबलावर ठेवला. पालीवाला कोलंबोत शिकवतो, तो पासपोर्ट हातात धरून पडद्यावर बोलला. दोघांचं मान्य झालं. राहिलास तू. आणि नेमके तुझेच निबंध सगळ्यांत जास्त. तुझ्या कंपनीला पत्र गेलं, उत्तर नाही. समितीचे अध्यक्ष भैयाजी मला सरळ म्हणाले, ‘मास्तर, बाकीचे दोघं दिसले. हा सिमेंटवाला कुठं हाय? माणूस हाय का नाई?’ त्यांना हवंय ते साधं आहे. तू यावंस, नाहीतर तुला जन्मापासून ओळखणाऱ्या कोणी तुझा दाखला घेऊन यावं. ओळखतो तर मीही, पण माझा शब्द चालत नाही, मी आरोपी.

भैयाजी वाईट माणूस नाहीत, हे मुद्दाम लिहितो. कारंजा घाडगेला त्यांची शेती आहे, हायवेवर ढाबा आहे, संस्थेच्या कार्यकारिणीवर जुने आहेत. त्या दिवशी कामकाज संपल्यावर चहा आला. ते मोबाईलवर शेजाऱ्यांना भाचीच्या लग्नाचे फोटो दाखवत होते. आमची आकांक्षा, आमचा जावई अश्विन, इंजिनिअर आहे, हैदराबादला असतो. मोबाईल फिरत फिरत माझ्या हातात आला. तू शेरवानीत छान दिसतोस. मी ‘वा’ म्हणालो आणि चहा संपवला.

आकांक्षाला सगळं माहीत आहे, तिच्या घरी मात्र अजून सांगितलेलं नाही, जरा दिवस जाऊ देत, असं तू मला सांगितलं होतंस. अश्विन नाव सांगतोस हेही ठाऊक होतं. शहरात घर भाड्याने घेताना आडनाव विचारल्यावर घरमालकाचा चेहरा कसा बदलतो ते मीही बघितलंय. तुला भीती वाटते याचा मला राग येत नाही. राग कशाचा येतो ते पुढे लिहितो.

रविवारी मी नाचणगावला तुझ्या आईकडे गेलो. तुझा दुसरा एखादा नंबर मिळेल एवढीच आशा होती, अन्नपूर्णाकाकूला यात ओढायचं नव्हतं. फोटोचं, भैयाजींचं मी चकार शब्द बोललो नाही. पण ती काय सोडते होय? काऊन पाहिजे, कायले पाहिजे, असं करत तिने निबंधांची सगळी भानगड माझ्याकडून काढून घेतली. पिशवीत तुझे निबंध होते. तिने ते मांडीवर घेतले, आकृत्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘वाचून दाखव ना जरासं.’ राखेचं प्रमाण वाचून काय दाखवणार? म्हणून शेवटच्या पानावरचे आभार वाचले. प्रयोगशाळेचे आभार, सहकाऱ्यांचे आभार, आणि शेवटी इंग्रजीतली ती ओळ मी मराठीत केली: माझी आई अन्नपूर्णा, जिच्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं. तिने मला ती पुन्हा वाचायला लावली. मग पुन्हा.

गाढवा, हे तू तिला कधी सांगितलं का नाहीस? जे तुझ्या सासरचं कोणी कधी उघडणार नाही, अशा जागी तिचं नाव छापलंस. लग्नात मात्र तिची जागा रिकामी. रजा मिळाली नाही, कोर्टात घाईत उरकलं, असं तू तिला सांगितलंस. कोर्टात शेरवानी घालत नाहीत, धाकट्या. गुरुजींनी आडनाव सोडायला सांगितलं ते माणसानं आधी आपलं काम बघावं म्हणून. आई सोडायला त्यांनी सांगितलं नव्हतं. राग आहे तो याचा, आणि एवढाच.

ती ओळ ऐकल्यावर काकू उठली, पेटीतून तुझा शाळेचा दाखला काढला आणि म्हणाली, ‘माह्या पोराचं काम हाय अन् त्यायले पुरावा पायजे, तं मी हाओ ना. मी येतो सोमवारी तुह्यासंगं.’ मी नको नको म्हणालो. दगदग होईल म्हणालो, ऊन आहे म्हणालो. ती ऐकत नाही, तुला माहीतच आहे. खरं सांगतो, मला फार जोरात नको म्हणता आलं नाही. ती आली तर माझी नोकरी वाचते. मी काही संत नाही, घराचे हप्ते आहेत, सरिता आहे. पण ती भैयाजींच्या समोर बसून दाखला उघडेल, अभिमानाने मोबाईलवरचा तुझा फोटो दाखवेल, आणि तिथे काय होईल ते मला कळतं, तुलाही कळतं. तिला थांबवायचं तर कारण सांगावं लागेल, आणि ते कारण माझ्या तोंडून निघणार नाही. तुला सांगायचं असेल तर तिला फोन कर आणि तूच सांग. नाहीतर ये, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बस.

एवढ्यासाठीही मी पत्र लिहिलं नसतं, आणखी एक निरोप टाकला असता. पण रविवारी निघताना ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. मी गाडी चालू केली, तिने हँडलवर हात ठेवला. दाखला पदराखाली धरलेला होता. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, ‘थोरल्या, तिथं त्यायनं आडनाव इचारलं, तं सांगू का?’ इतकी वर्षं मला वाटत होतं की तिला काही माहीत नाही. मला तिच्याकडे बघवलं नाही. मी म्हणालो, धाकट्याला विचारून सांगतो. म्हणून विचारतोय.

तुझाच,
थोरला