गोपनीयवाले दादासो

५ फेब्रुवारी २०२४

गुप्त पोलीस असा असतो? समाजमंदिरातल्या बैठकीत मागच्या खुर्चीवर टक्कल पडलेला एक माणूस, साधा शर्ट, पायात स्लिपर. बायडाबाई काकूंनी त्याला चहा दिला, वर म्हणाल्या, "साखर कमी टाकलीया, दादासो." म्हणजे सगळ्यांना माहीत! ठाण्यातला गोपनीयचा हवालदार. कोण काय बोललं ते लिहून वर पाठवतो. मग गुप्त काय उरलं?

बैठक संध्याकाळच्या एसटीसाठी होती. ती बंद झाल्यापासून गावातल्या चौघींचं वडूजचं कॉलेज सुटलं. शेजारचा नागसेनदादा बोलला — बोलला कसला, अर्ज वाचला! त्याची वनरक्षक म्हणून निवड झालीय, फक्त पोलीस पडताळणी राहिलीय. म्हणून जपून.

६ फेब्रुवारी

एसटीसाठी गावानं केलेल्या समितीच्या वहीत बैठकीचं इतिवृत्त लिहिलं; ते काम माझ्याकडे. दादाचं भाषण फारच अळणी. शेवटी माझं एक वाक्य घातलं — 'एसटी आली नाही तर डेपोची एक काच शिल्लक ठेवणार नाही!' आता कसं भाषण वाटतंय. नाहीतरी वही वाचतंय कोण?

८ फेब्रुवारी

दादासो घरी! "पायल, तुजी वही दे गं. बैठकीत मला डुलकी लागली."

मी सोडते होय! विचारलं, आमच्या एसटीचं सरकारला एवढं काय?

"गर्दी कुटं जमतीया, कशापायी, म्होरं कोन हाय — येवडं वर कळवायचं."

वर म्हणजे कुणाला?

"त्ये मलाबी ठावं न्हाई. कागद जातो, माघारी येत न्हाई."

म्हणजे एसटी बंद आहे हे वर कळलंय. मग सुरू का होत नाही?

हसले. "त्ये आमच्या खात्याचं न्हाई."

डोक्यातून जातच नाही. एवढं लिहून घेतात, ते कोण वाचतं? वाचून काय करतं? वही दिली. दादासो म्हणाले, अक्षर लय झ्याक. खरं सांगते, सुखावले.

९ फेब्रुवारी

वही परत आली. चहाचा डाग पाडलाय मेल्याने.

२६ फेब्रुवारी

दादाची पडताळणी अडकली. ठाण्यात साहेबांनी कागद वाचून दाखवला. काचेचं वाक्य, दादाच्या नावावर. दादा सारखा म्हणतोय, "मी आसं बोललोच न्हाई."

त्याला न सांगताच घरी आले आणि वही कपड्यांखाली सारली.

२७ फेब्रुवारी

सकाळीच दादा दारात, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. "पायल, तुजी वही काढ. तू खरं लिवलं आसशील. सायबाला दावू."