करून राहिलो

बाबूजी, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. मी अजून गोंदियाच्या त्याच कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. पोरांना इंग्रजी पुस्तक उघडलं की झोप येते, म्हणून गेली दोन वर्षं सतराव्या शतकातल्या एका फ्रेंच तत्त्वज्ञाचा ग्रंथ मी मराठीत आणते आहे. तुम्ही म्हणाला असतात, 'कायले गे? त्याले मराठी नाई येत होती का?' हा माणूस खोलीत बसून सगळ्यावर शंका घेतो. डोळे फसवतात, स्वप्नंही खरी वाटतात, मग धरायचं काय? शेवटी त्याच्या हाती एवढंच उरतं की शंका घेणं चालू आहे, म्हणजे ती घेणारा कुणीतरी आहे. विचार चालू आहे तोवरच ही खात्री. हे 'चालू असणं' मला मराठीत सापडेना. 'विचार करतो' म्हणावं तर रोजची सवय सांगितल्यासारखं होतं, 'विचार करत आहे' म्हणावं तर सरकारी पत्र. चार महिने त्या एका वाक्यापाशी अडले होते. मागच्या महिन्यात वर्गात खर्डा वाचून दाखवला, तर चिचगडहून येणारी एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणते, 'मॅडम, मंग सोपं हाय ना. जोवर विचार करून राहिला, तोवर तो राहिला.' वर्ग खो खो हसला. मी पाठ फिरवून फळा पुसत बसले, आधीच पुसलेला.

जन्मभर तुमच्या तोंडून ऐकलं होतं मी ते. येऊन राहिलो, जेवून राहिलो, तलावाच्या पाळीवर उभे राहून कुणाच्या धानाच्या बांधीत किती पाणी गेलं ते पाहून राहिलो. राहिलो म्हणजे उरलो, आहे. करणं आणि असणं एकाच क्रियापदात बसलेलं. त्या मोठ्या माणसाला जिथे पोचायला पानंच्या पानं लागली, तिथे आपली बोली आधीच जाऊन बसली होती, आणि त्याच घरात वाढलेल्या मला ते ऐकू आलं नाही. येईल कसं? मीच तर ते तुमच्या तोंडातून काढून घेतलं होतं.

मला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. कॉलेजात चर्चासत्र होतं, पुण्याहून पाहुणे आले होते. तुम्ही न कळवता एसटीनं आलात, लाखोरीच्या डाळीची थैली घेऊन, आणि स्टाफरूममध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलात. एक पाहुणे चांगल्या मनानं विचारतात, 'काय काका, कसला विचार चाललाय?' तुम्ही हसून म्हणता, 'विचार करून राहिलो साहेब, का आमची पोरगी एवढं बोलते, तं हे पोरं जागी कसे राह्यतेत.' सगळे हसले. प्रेमानंच हसले हो, आता कळतं. पण माझं तोंड लाल. सगळ्यांदेखत मी म्हणाले, 'बाबूजी, करून राहिलो नाही, करतोय म्हणा. शिकलेल्या लोकांत बसलाय तुम्ही.' तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. 'बरं बाई. करतोय,' म्हणालात आणि थैली पायानं टेबलाखाली सरकवलीत.

मला वाटलं, विषय संपला. कसला संपतोय! त्या दिवसापासून माझ्याशी तुम्ही तसंच बोललात. फोनवर 'जेवतोय', 'बसलोय', अगदी मोजूनमापून, परक्याच्या घरी पाहुणे गेल्यासारखं. आईशी, शेजाऱ्यांशी, बैलांशीसुद्धा बोली तीच जुनी. मी अंगणात पाय ठेवला की बदलायची. हळूहळू बोलणंच कमी झालं. जळो माझी अक्कल, मला तर बरं वाटायचं, बाबूजी सुधारले म्हणून! दवाखान्यात शेवटच्या दिवशी सकाळी मी तुमचे पाय चेपत होते. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे बघून थोडा वेळ शब्द जुळवलेत आणि म्हणालात, 'जातोय, बाई.' जाऊन राहिलो म्हणाला असतात तर त्यात निदान राहणं तरी होतं. मरतानाही माझ्यासमोर चुकू नये म्हणून तुम्ही जपत होतात, आणि ती चूक नव्हतीच हो, बाबूजी.

त्या मुलीनं सांगितलं त्या दिवशी घरी येऊन मी ते वाक्य तसंच लिहिलं. 'जोवर मी विचार करून राहिलो, तोवर मी राहिलो.' पहिल्यांदा ते मराठीत उभं राहिलं. मोठ्यानं वाचलं तर तुमचाच आवाज, आणि मी एकटी स्वयंपाकघरात हुंदके देऊन रडले. ठरवलं, काही झालं तरी पुस्तकात हे असंच जाईल, तुमचं तुम्हाला परत देईन. परवा छापणाऱ्यांकडून तपासलेली पानं आली. त्या ओळीखाली लाल रेघ, शेजारी शेरा: 'हिंदी वळण. ग्रामीण. प्रमाण रूप द्यावे.' भांडायला शब्द नव्हते का माझ्याकडे? वाद कसा घालायचा हेच तर मी वर्षानुवर्षं शिकवते. पण मनात आलं, लोक म्हणतील, तत्त्वज्ञानाच्या बाईंना साधं मराठी येत नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. काल सकाळी मी ती ओळ खोडली, आणि वर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'विचार करत आहे.'